धुरातला पाववाला

दूध वर यायला आलं होतं आणि पाववाल्याची बायको सांडशी शोधत होती, तेवढ्यात दारावर थाप पडली. दारात धाकटा दीर. रात्रभर दवाखान्यात भावाजवळ थांबलेला. शर्टाची बाही फाटलेली, ओठातून रक्त.

"वहिनी, चला लवकर. दादाने मारलं."

"ह्यांनी? तुम्हाला?"

"मला, वॉर्डबॉयला, सगळ्यांना! चौघं धरतात, तर पाचव्याला लाथ घालतो."

दूध उतू गेलं. तिने गॅस बंद केला आणि तशीच निघाली.

पाववाला म्हणजे गल्लीतला सगळ्यांत गरीब जीव. 'एवढ्या आगीपाशी राहून ह्यांचं डोकं कसं तापत नाही,' असं ती चारचौघांत म्हणायची. आता विषाणूचा ताप थेट डोक्यात चढला होता.

तो खाटेखाली पोटावर पडला होता. हातात सलाइनचा लोखंडी स्टँड. जवळ येईल त्याच्या नडगीवर हाणत होता. सुई उपटलेली, फरशीवर रक्त, ऑक्सिजनचा मास्क कोपऱ्यात.

"ताप उतरला की भ्रमही जाईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मास्क नसेल तर छाती तोवर टिकणार नाही. आणि गुंगीचं औषध वाढवलं तर श्वासच मंदावेल."

ती गुडघ्यांवर बसली. "अहो, मी आलेय. हा दवाखाना आहे."

स्टँड तिच्या भुवईवर बसला. मग त्याने वेणी धरून तिचं डोकं फरशीवर आपटलं.

"दादा, सोड! वहिनी आहे ती!"

"खाली!" तो किंचाळला. "वर धूर आहे! खाली राहा!"

तोंडात रक्ताची चव आली, पण तिला उलगडा झाला. ह्याच्या डोक्यात बेकरी पेटली होती आणि बायकोला आगीतून ओढून काढायची ह्याची धडपड चालली होती. बाकी सगळे 'आग नाही, आग नाही' म्हणून त्याला बजावत होते. नाही म्हटलं की हा माणूस आणखी हट्टाला पेटतो, हे संसार करणारीलाच ठाऊक.

"भट्टी विझवली!" ती ओरडली. "शटर उघडलं. सगळे बाहेर आहेत. धूर जाईस्तोवर हे तोंडाला लावा."

त्याने मास्क हिसकावला आणि तिच्याच तोंडावर दाबला. "आधी तू!"

तिने दोन श्वास घेतले. "झालं माझं. आता तुम्ही."

त्याने लावला. मुठीतली वेणी सुटली.

पुढचे कितीतरी दिवस त्याचा हात मास्ककडे गेला, की ती म्हणायची, "थांबा, धूर आहे अजून." अखेर ताप उतरला. एका सकाळी त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. भुवईवर टाके, गाल हिरवानिळा.

"कोणी मारलं?"

"मोरीत घसरले."

"घसरताना वेणी कोणी धरली होती?"

दीर उसनं हसला. "अरे, तू तिला वाचवत होतास, दादा!"

पाववाला हसला नाही. स्वतःच्या मुठीकडे बघत राहिला.

"डोळे मिटले की आग अजून दिसते," तो म्हणाला. "घरी गेल्यावर तू आतल्या खोलीत झोप. आणि आतून कडी लाव."