घट्ट कंबरेची मावशी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं.

मावशी बोलण्याआधी दोन्ही हातांनी लुगड्याची गाठ आवळायची. मग म्हणायची, "कंबर घट्ट तर बाई घट्ट." डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत ती शेजारच्या खोलीत एकटी राहायची. गिरणीत बदलीवर होती; दुसऱ्या कुणाचा खाडा पडला तरच काम, आणि स्वतःचा पडला तर नाव कापलं. तुम्हीही अशा बायका पाहिल्या असतील, श्वास कुठून घेतात कळू नये इतकं आवळून नेसणाऱ्या.

संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याच्या दिवशी गिरण्या बंद होत्या. चाळीतल्या बायका निघाल्या. मी दाराआड. मावशीने हाक मारली.

"चल गो! पोलीस काय तुकाच बघूक येतले?"

सगळ्या हसल्या. मी गेले नाही. ती अश्रुधूर खाऊन परतली. मोरीवर डोळे धुताना तिचा पदर सरकला. कंबरेभोवती काळा वळ होता. तो आम्हा सगळ्यांनाच असतो. पण उजवीकडे, कनवटीखाली, काठ वर आलेली जखम होती. हळदीने भरलेली.

"मावशी, हे कधीपासून?"

"दोन वर्सां. लुगडा घासता थंय."

मी डब्यातल्या पाचाच्या तीन नोटा चार घड्या घालून तिच्या हातात दिल्या. "इस्पितळात दाखव. आणि गाठ सैल बांध."

"सैल बाईक गिरणी ठेवता काय?" तिने नोटा कनवटीला लावल्या आणि वर गाठ आवळली.

इस्पितळात गेलीस का, असं आठवड्याने विचारलं, तर म्हणाली, "गेलंय मा. मलम दिल्यान." मला ते खरं मानायचं होतं. पुन्हा विचारायला मी लाजले.

शिमग्याला तिला चालवेना. जांघेत गाठी आल्या होत्या. मीच तिला इस्पितळात नेलं.

"चामडीचा कॅन्सर," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. "वर्षानुवर्षं एकाच जागी घासून होतो. लुगडंवाल्या येतात, धोतरवालेही येतात. सगळे उशिरा येतात. आधी आणलं असतं तर कापून काढला असता."

"आता?"

त्यांनी कागद मिटून पुढच्या बाईला हाक मारली. माझा हात माझ्याच लुगड्याच्या गाठीवर गेला.

खाटेवर तिला सैल झगा घातला होता. ती त्यात किती लहान दिसत होती! हात सवयीने कंबरेकडे जायचे आणि तिथे काहीच नसायचं.

"उशाचा लुगडा घे गो. कनवटीची गाठ सोड."

गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. आत तीन नोटा होत्या, हळदीने पिवळ्या झालेल्या. मी घातलेल्या चारही घड्या तशाच.

"खाडो पडलो असतो तर बदली गेली असती," ती म्हणाली. "मोज."

मी मोजले. पंधराच्या पंधरा होते.