येते हं

जिनोआ हे इटलीतले फार जुने बंदर. तिथे आम्ही सकाळी जहाजांचे संग्रहालय पाहिले. एका दालनात पूर्वी इथून अमेरिकेला गेलेल्या लोकांच्या पेट्या मांडल्या होत्या. त्यातले पुष्कळजण परत आलेच नाहीत, असे भिंतीवर लिहिले होते. तुमचे आजोबा म्हणाले, "पाय दुखले, चल बाहेर."

बाहेर धक्क्यावरच्या बाकावर माझ्याच वयाची एक बाई बसली होती. समोरून सार्डिनिया बेटाकडे बोट सुटत होती. तिच्या कठड्याशी एक तरुण आणि दोन लहान मुली हात हलवत होत्या. बाईंचा मुलगा आणि नाती असाव्यात. बोट दूर गेली, तरी बाईंचा हात खाली आला नाही. मला त्यांची भाषा येत नाही, म्हणून मी नुसती शेजारी बसले.

उठताना सवयीने तोंडून निघाले, "येते हं."

"चाओ," त्या म्हणाल्या. तिथे भेटताना आणि निघताना हाच शब्द वापरतात.

आजोबा हसले. "येते म्हणालीस? आता पुन्हा यावं लागणार जिनोआला!"

"मग काय, जाते म्हणू? आत्ताच तीन माणसं गेलीत त्यांची."

मुलांनो, आपल्याकडे निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही. तुम्ही फोन ठेवताना 'बाय' म्हणता, आणि तुमचे येणे दरवर्षी पुढे जाते. या रविवारी 'येतो, आजी' म्हणून पाहा. म्हणजे मी वाट बघायला मोकळी.