साक्षगंधाच्या दिवशीचा सामना

माझी नात फुटबॉलमध्ये गोल अडवते. तिचा संघ मुलींच्या देशपातळीवरच्या कपात उतरला, तेव्हा मी विचारलं, हे किती दिवस चालणार? ती म्हणाली, "एक बार हरलो का घरी, आजी. जिंकलो तर पुढे."

माझ्या मुलाने यातलं पहिलंच वाक्य ऐकलं. त्याचं इतवारीत भांड्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक दाराशी आलं की घेणार की नुसता भाव विचारून जाणार, हे तो चेहऱ्यावरून ठरवतो. पोरीच्या बाबतीतही तसंच केलं. पहिल्याच सामन्यात हरतील असं धरून त्याने, जिथे तिचं लग्न जुळवलं होतं त्या रामटेकच्या पाहुण्यांना साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख देऊन टाकली. लॉनही ठरवला.

त्या जिंकल्या. शेवटचा गोल अडवताना नातीचं बोट सुजलं. पुढचा सामना भोपाळला, नेमका साक्षगंधाच्या दिवशी.

"बाबा, आठवडाभर पुढे ढकला ना."

"पाहुण्यायले काय सांगू? पोरगी बॉल खेळाले गेली म्हणून?"

"हो, तेच सांगा."

"काहून वं, नाक कापतं काय माहं?"

मी म्हटलं, "अरे, फोन तर करून पाहा."

"माय, तू चूप बस."

मी चूप बसले नाही. पण घरात माझ्या बोलण्याने फक्त कुत्रं उठतं.

संघ गेला. नात हिरवी साडी नेसून लॉनमध्ये बसली. अंगठी बोटावर चढेना. नवरदेवाने विचारलं, "हे काय झालं?"

"मॅचमध्ये लागलं. आजपण होती मॅच."

त्याने अंगठी तशीच धरली. "आज? मंग सांगितलं काहून नाही? आमच्याकडे धानाची कापणी चालू आहे. आम्हालेच पुढची तारीख पाहिजे होती. तुमच्या बाबाले नाही म्हणाची हिंमत नाही झाली."

माझा मुलगा गिऱ्हाइकाला हसतो तसा हसला. "खेळ काय, होतच राहते."

पंगतीत नातीचा फोन वाजला. गोलात दुसऱ्या पोरीला उभं केलं होतं. हरल्या. नातीने फोन ताटाशेजारी पालथा ठेवला. तिचा बाप जिलबी वाढत आला.

"काय म्हणतात?"

"बाहेर झालो."

"चला, एक चिंता मिटली. घे, गरम आहे."

"नको, बाबा."

त्याने वाढलीच.