चौथ्या रात्रीचं पाणी

आमच्या घरात वर्षातून एक दिवस सगळे सगळ्यांची क्षमा मागतात. उरलेलं वर्ष त्याची तयारी चालते.

भाद्रपदात आम्हा जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस पूजा, उपवास, प्रवचनं होतात. रोज संध्याकाळी डोळे मिटून आपण कुठं चुकलो ते आठवायचं असतं. मला दुसरे कुठं चुकले तेच आठवतं, पण डोळे मिटलेले असल्यामुळं कुणाला कळत नाही. पर्व संपलं की क्षमावणी. त्या दिवशी हात जोडून, जाणता-अजाणता झालेल्या चुकांची क्षमा मागायची. माझे यजमान कमळाचं चित्र असलेला एक संदेश फोनमधल्या यच्चयावत माणसांना पाठवतात आणि वर्षभरासाठी मोकळे होतात. गेल्या खेपेला गॅसवाल्याचं उत्तर आलं, 'सिलेंडर उद्या येईल.'

सासूबाईंना असलं चालत नाही. त्या समोर उभ्या राहून क्षमा मागतात. येडशीहून दूध घेऊन येणाऱ्या गवळ्यापुढं त्यांनी हात जोडले, तेव्हा तो बिचारा घाबरून म्हणाला, "आक्का, दूध बंद करताय का काय?" उमरग्याला माझ्या आईला फोन करून क्षमा मागितली, तर आई दोन दिवस मला विचारत होती, "खरं सांग, माझ्या माघारी काय बोलल्या त्या?"

अशी गावभर क्षमा वाटत फिरणारी ही बाई समोरच्या दारात मात्र कधी जायची नाही. समोर राहतात काकू, म्हणजे सासूबाईंच्या धाकट्या जाऊबाई. आमच्या गल्लीची रुंदी अशी की त्यांच्या घरात फोडणी पडली की ठसका आम्हाला लागतो. तरी दोघींत करोनाच्या आदल्या वर्षापासून बोलणं नव्हतं.

त्या वर्षी सासूबाईंनी पर्वाचे दहाही उपवास केले होते. आमच्यात उपवास म्हणजे साबुदाणा नव्हे. अन्नाचा कण नाही. पाणी तेवढं उकळून, तेही दिवसा एकदाच. सूर्य मावळला की थेंबसुद्धा नाही. मी तेव्हा तान्ही मुलगी घेऊन वरच्या खोलीत असायची, म्हणून रात्री सोबतीला काकू यायच्या. पारण्याच्या सकाळी बायकांनी ओसरी भरली. मुगाच्या पाण्याची वाटी सासूबाईंच्या ओठांशी गेली आणि काकू कळवळून म्हणाल्या, "लई सोसलं हो आक्कांनी. चौथ्या रात्री तर पाण्याबिगर राहवलं न्हाय बिचारीला."

असा घाव घालायला हातात तलवार लागत नाही, डोळ्यांत पाणी असलं की पुरतं. सासूबाईंनी वाटी खाली ठेवली. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. मुगाचं पाणी प्यायच्या आधीच त्या मूग गिळून बसल्या. दुपारी ठरल्याप्रमाणं वाजतगाजत मिरवणूक निघाली, मंदिरात सत्कार झाला, हार पडले. समाजानं काकूंवर विश्वास ठेवला नाही, असा अर्थ सासूबाईंनी काढला आणि तो घट्ट धरून ठेवला.

खरं काय ते मी कधी विचारलं नाही. सासूला असला प्रश्न विचारणाऱ्या सुनेनं आधी दुसरं घर बघून ठेवावं.

पुढं दर क्षमावणीला मंदिरात तोच खेळ. बायका समोरासमोर दोन रांगा करून पुढं सरकत एकमेकींना 'उत्तम क्षमा' म्हणतात. काकू समोर आल्या की सासूबाईंना नेमक्या निऱ्या नीट करायच्या असत. काकूंना छतावरचा पंखा बघायचा असे. बाकीच्या बायका त्या दोघींसाठी इतक्या सराईतपणे जागा करून देत की, तोही विधीचाच भाग आहे असं परगावच्या पाहुण्यांना वाटावं.

यंदा मात्र गाडं अडलं. सासूबाईंना जन्मभर पाळायची व्रतं घ्यायची होती. वय सत्तरीच्या पुढं, गुडघे गेलेले; आता नाही तर कधी, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. चातुर्मासासाठी मुनिमहाराज गावात होते. त्यांनी सगळं ऐकून एवढंच विचारलं, "मनात शल्य नाही ना?" शल्य म्हणजे आत मोडून राहिलेला काटा. तो तसाच ठेवून घेतलेलं व्रत लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, "नाही." घरी आल्या आणि आमटीवरून मला फाडून खाल्लं. आमटी चांगली झाली होती.

क्षमावणीच्या सकाळी त्यांनी मला समोर पिटाळलं. "तिला म्हणावं, क्षमा मागायची आसंल तर ये. पण काय केलंस त्ये बोलून माग."

म्हणजे क्षमा मागण्याच्या दिवशी आमच्या घरातून क्षमेची मागणी गेली. मी निरोप बराच मऊ करून सांगितला. काकूंनी ऐकून घेतला, नवं लुगडं नेसल्या आणि माझ्या मागोमाग आल्या.

सासूबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. काकू उभ्याच राहिल्या.

"मागते क्षमा," काकू म्हणाल्या. "बोलून मागते. पण आधी तुमी सांगा आक्का, म्या खोटं बोलले का? खोटं आसंल तर आज मंदिरात समद्यांसमोर तुमचे पाय धरते."

सासूबाईंना नुसतं 'व्हय, खोटं' म्हणायचं होतं. मान, व्रत, जाऊबाईंचं वाकलेलं डोकं, सगळं एका शब्दावर मिळत होतं. मला वाटलं, म्हणतील. खरं सांगायचं तर, म्हणाव्यात असंच वाटलं. घरात शांतता आली असती.

सासूबाई खुर्चीचा हात धरून उभ्या राहिल्या.

"पिले म्या पाणी," त्या म्हणाल्या. "घसा बंद झाला व्हता. मरते वाटलं."

"मला ठावं हाय. तांब्या म्याच आणून दिला, तुमी न्हाय न्हाय म्हणत व्हता तरी." काकू म्हणाल्या. "भ्याले व्हते म्या."

"मग सांगितलंस कशाला?"

"हार तुमच्या गळ्यात पडणार व्हते. रातभर जागणारीला कोण इचारतंय? तुमी सुदिक एका शबदानं बोलला न्हाईत."

सासूबाईंनी हात जोडले. थोरल्या जावेनं धाकटीपुढं जोडलेले हात आमच्या घरात मी पहिल्यांदा बघितले, आणि मला रडू आलं. काकूंनी घाईघाईनं ते हात धरून खाली केले. लगेच भांडणही सुरू झालं, कारण सासूबाई म्हणाल्या, बायकांना मी खरं सांगणार, आणि काकू म्हणाल्या, म्याच पाजलं म्हणून मी सांगणार. मंदिरापर्यंतची अख्खी गल्ली दोघी पाप कुणाचं यावर हक्क सांगत गेल्या. महाराज व्रत देतील की परत पाठवतील, हे आता सासूबाईंनी विचारातच घेतलं नव्हतं.

बायका जमल्या होत्या. नेहमीसारखी पुढच्या रांगेत सासूबाईंची जागा राखलेली होती. त्या बसल्या नाहीत. खांबाला धरून उभ्या राहिल्या आणि चौथ्या रात्रीचं सांगून टाकलं. मधे मधे काकू दुरुस्त्या करत होत्या.

कुणी दचकलं नाही. कुणी कुणाकडं बघितलंसुद्धा नाही. शेवटी समाजातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाई, ज्यांनी त्या सत्काराच्या दुपारी पहिला हार घातला होता, त्या म्हणाल्या, "आमाला ठावं व्हतं की. त्याच सकाळी कळलं व्हतं."

सासूबाई खांब सोडून त्यांच्यापुढं आल्या. "मग हार का घातला?"

"का म्हंजे?" म्हाताऱ्या बाई जागा करून देत म्हणाल्या. "नऊ तर केले व्हतेस की गं."