तळहाताने उघडणारा चाकू

फोन आला तेव्हा मी भाताचा कुकर उतरवत होते. फोन सुनंदाचा होता. माझ्या थोरल्या बहिणीकडे, म्हणजे अक्काकडे, ती संध्याकाळी पोळी-भाजी करायला यायची. "ताई, बाई उठंनात," एवढंच म्हणाली. शेजारच्यांना हाक मार, डॉक्टरांना बोलाव, असं काहीतरी मी तिला सांगितलं. मग फोन ठेवला, भात झाकला, ओटा पुसला आणि कपाटासमोर उभी राहून साडी कुठली नेसावी याचा विचार करू लागले. खराडीहून कोथरूडला संध्याकाळच्या गर्दीत पोचायचं म्हणजे परगावी जाण्यासारखंच. गाडीत मुलगा शेजारी बसून रडत होता आणि मी दुकानांच्या पाट्या वाचत होते. पोचलो तेव्हा अक्का कुशीवर झोपलेली होती. चष्मा काढून उशाशी ठेवलेला, पायांवर चादर. दुपारची वामकुक्षी जरा लांबली असावी, इतकंच वाटलं. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेल्या, त्यांना कळलंही नसेल. सगळे म्हणाले, भाग्यवान. मी मान हलवली. त्याला आता काही आठवडे झाले, आणि मी अजून मानच हलवते आहे.

अक्का म्हणजे सुमन. शाळेत जीवशास्त्र शिकवायची. लग्न केलं नाही. तिच्या पर्समध्ये रुमाल, बसचा पास आणि घडीचा चाकू असे तीन जिन्नस कायम असत. चाकू म्हणजे काही भयंकर नव्हे, बोटाएवढं पातं आणि शिसवी मूठ. टेकडीवर मुलांना घेऊन गेली की एखादी काटकी आडवी कापून आतली वर्तुळं दाखवायची, आणि मग तोच चाकू पदराला पुसून मुलांना पेरू कापून द्यायची. पेरूवर तिचा फार जीव. आमची आई म्हणायची, बायकांनी चाकू घेऊन हिंडू नये, लोक काय म्हणतील. लोक म्हणालेच. एकदा तिला बघायला मंडळी आली होती, मुलाच्या आईने सफरचंदं आणली होती. आई विळी आणायला आत गेली तोवर अक्काने पर्समधून चाकू काढला, नखाने खट्कन उघडला आणि साल एका सलग पट्टीत उतरवून फोडी सगळ्यांपुढे ठेवल्या. दोन दिवसांनी नकार आला. आईने आठवडाभर अबोला धरला. अक्का म्हणाली, "सफरचंदं मात्र चांगली होती हं."

पुढे तिच्या हातात संधिवात शिरला. आधी सकाळचीच बोटं आखडायची, मग दिवसभर. विळीवर बसणं गुडघ्यांनी आधीच सोडलं होतं. माझे यजमान गेल्यावर मी मुलाकडे खराडीला राहायला आले, तेव्हापासून मी तिच्या मागे लागले होते, तूही ये. मोठी जागा आहे, बाल्कनीची खोली तुझी. मी त्या खोलीतलं कपाटसुद्धा रिकामं करून ठेवलं होतं. ती प्रत्येक वेळी एकच उत्तर द्यायची. "ज्या दिवशी माझा पेरू मला कापता येणार नाही ना, त्या दिवशी बोचकं घेऊन दारात उभी राहीन. तोवर नाव काढू नकोस." सुनेला वाटायचं ती विनोद करते आहे. मला माहीत होतं, ही अट आहे.

आणि एक दिवस तशी वेळ आलीच. मी तिच्याकडे गेले होते, चमचा घ्यायला खण उघडला आणि बोट कापलं. चाकू खणात उघडाच पडलेला. त्या चाकूचं पातं बाहेर काढायला नख खाचेत अडकवून जोर लावावा लागे, आणि तिच्या अंगठ्यात आता तेवढा जोर राहिला नव्हता. सुनंदा संध्याकाळी उघडून द्यायची, तो मग दुसऱ्या संध्याकाळपर्यंत तसाच. मी बोट नळाखाली धरलं आणि म्हटलं, "अक्का, झालं. आता चल." मी खरंच मनात तिच्या साड्या बॅगेत भरायला लागले होते... मग ती म्हणाली, "चाकू जुना झालाय. मी नाही झाले. उद्या मंडईकडे जाऊ, उघडायला सोपा असा दुसरा बघू."

दुसऱ्या दिवशी दुपारभर आम्ही दोघी म्हाताऱ्या दुकानं पालथी घालत होतो. पहिल्या भांड्यांच्या दुकानात मुलाने सोलाणं पुढे केलं. अक्का म्हणाली, "हे उघडावंच लागत नाही, तुमची कल्पना उत्तम आहे, पण मी चाकू म्हटलं होतं." दुसरीकडे परदेशी पद्धतीचा एक लालभडक चाकू दाखवला, त्यात कात्री, करवत, बूच काढायचं मळसूत्र, दात कोरायची काडी, सगळा संसार होता. प्रत्येक वस्तू बाहेर काढायला मात्र नख हवंच. तिसऱ्या दुकानदाराने इकडेतिकडे पाहून हळूच एक चाकू काढला, बटण दाबलं की पातं सटकन बाहेर. "याच्याइतका सोपा कुठला नाही बघा, आजी. फक्त कुणाला दाखवू नका." अक्काने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत ठेवला. "या वयात मला येरवड्याला पाठवता का? तिथे पेरू देत असतील तर विचार करते."

शेवटी बोहरी आळीत हत्यारांचं एक जुनं दुकान सापडलं. गल्ल्यावरच्या काकांनी मान वर न करता विचारलं, "काय कापायचंय?" हा प्रश्न विचारणारा तो पहिलाच माणूस. "पेरू," अक्का म्हणाली, "आणि बोटं चालत नाहीत." त्यांनी माळ्यावरून एक पत्र्याचा डबा उतरवला. आत साधे, जुन्या घडणीचे, लाकडी मुठीचे चाकू होते. अक्का एकेक हातात घेऊन बघू लागली, पूर्वी मुलांच्या प्रयोगवह्या बघायची तशी. पातं उघडायला हलकं हवं, पण चाकू उलटा धरून झटकला तर आपणहून उघडता कामा नये, नाहीतर पर्समध्ये हात घालायची चोरी. मूठ जाड हवी, कारण तिची मूठ पुरती वळत नव्हती. मूठ फार गुळगुळीतही नको, पेरूचा रस लागला की निसटते. एक फार सैल निघाला, एक फार घट्ट, एकाची मूठ काडीसारखी. काका कंटाळून म्हणाले, "बाई, चाकू घेताय की स्थळ बघताय?" अक्का म्हणाली, "स्थळं एवढी पारखून बघत नाहीत, म्हणून तर तुमचे चाकू खपतात." काकांनी पहिल्यांदा मान वर केली.

डब्याच्या तळाशी असलेला तो चाकू मला दिसला. त्याच्या पात्याला मागच्या बाजूला एक बोथट शेपूट होतं, चाकू मिटला की ते मुठीबाहेर थोडं वर राहायचं. नख नको, अंगठा नको, शेपटावर तळहात दाबला की पातं पुढून वर येतं. मी तो उचलून लाकडी फळीवर तिच्यापुढे ठेवला. चाकू कुणाच्या हातात देऊ नये, भांडण होतं, असं आई सांगायची. अक्काचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, माझा आहे. तिने चाकू फळीवर आडवा धरला आणि शेपटावर तळहात ठेवला. आता खरं सांगते, तो उघडू नये असं मला वाटत होतं. बाल्कनीची खोली माझ्या डोळ्यांपुढे होती. तिने दाबलं. चाकू उघडला. मग पात्याची पाठ फळीवर टेकवून तिने तो मिटवला. पुन्हा उघडला. चार-पाच वेळा तेच. आणि माझ्याकडे बघून अशी हसली की मलाही हसावं लागलं. काकांना म्हणाली, "बांधून नका देऊ. उघडता येतो आता मला."

मग ती कोथरूडलाच राहिली. मी रोज फोन करायचे. "काय म्हणतेस, बरी आहेस ना" वगैरे विचारलेलं तिला आवडायचं नाही, म्हणून मी नुसतं विचारायचे, "उघडला का?" ती म्हणायची, "उघडला." मग आम्ही दुसरं काहीतरी बोलायचो, सुनेबद्दल, भाज्यांच्या भावाबद्दल, सोसायटीतल्या भांडणांबद्दल. थंडीत एकदोनदा "उघडला" म्हणायला तिने जरा वेळ लावला. मी काही विचारलं नाही.

तेराव्याला आमचा एक चुलतभाऊ हातावर पाणी घेता घेता सगळ्यांदेखत म्हणाला, "एवढा मुलाचा फ्लॅट आहे, आणि सख्ख्या बहिणीला शेवटी एकटीला जावं लागलं. एवढं हट्टाला पेटून तिला तो चाकू कशाला शोधून दिलास?" सून त्याच्यावर चिडली. मला राग आला नाही. खरं तर काहीच आलं नाही. मी त्याला विचारलं, आणखी एक लाडू वाढू का. पण तेव्हापासून तो प्रश्न मात्र घरात येऊन बसला आहे. रात्री सगळे झोपतात, मी त्या बाल्कनीच्या खोलीत जाते, रिकामं कपाट उघडते, बंद करते... तो चाकू डब्याच्या तळाशी तसाच राहिला असता तर? ती इथे राहायला आली असती, आणि त्या दुपारी शेजारच्या खोलीत मी असते. तिला खरंच जमत होतं का सगळं, की फोनवर मला नुसतं 'उघडला' म्हणत होती? हे आता कुणाला विचारायचं?

गेल्या रविवारी तिचं घर आवरायला गेले. भांडी सुनंदा घेऊन जाणार होती, म्हणून तिला बोलावलं होतं. ती आली, पिशवी खाली ठेवली आणि भांड्यांना हात न लावता दारातच उभी राहिली. म्हणाली, "ताई, एक सांगायचंय. तुम्ही मला रागवा, पण मला सहन होईना झालंय." मी तिला बसायला सांगितलं. ती बसली नाही. "त्या दिवशी मी आले ना, तर टेबलावर वाटीत पेरू झाकलेला होता. बाई दुपारी अर्धा खायच्या, अर्धा माझ्यासाठी ठेवायच्या, रोजचंच होतं ते. मला वाटलं, झोपल्यात. मी आपली बसले अन् खाल्ला. सगळा खाल्ला, मग वाटी धुतली, मग हाक मारायला आत गेले... ताई, बाई आत तशा पडलेल्या अन् मी इकडं पेरू खात होते."

मी तिला विचारलं, "कसा कापला होता?"

तिला काही कळेना. "काय, ताई?"

"पेरू. नीट कापलेला होता का?"

"व्हय तर. बारीक फोडी. बिया सगळ्या काढलेल्या. माझी दाढ दुखतीय ना, म्हणून बाई बिया काढून ठेवायच्या. तिखट-मीठ बी लावलेलं."

पेरूच्या बिया काढायच्या तर चाकूचं टोक फोडीतून गोल फिरवावं लागतं. माझे हात धड आहेत, तरी मला ते कधी नीट जमलं नाही. मी खुर्चीवर बसले. रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बरं वाटलं. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा मला स्वच्छ, सरळ बरं वाटलं.

सुनंदा पदराने डोळे पुसत होती. मी म्हटलं, "रडू नकोस. तो तुझाच होता. तू खाल्लास ते फार चांगलं केलंस. तसाच राहिला असता तर आम्ही टाकून दिला असता."