आउटगोइंग शून्य

यादीत तो नंबर तेविसाव्या ओळीत होता. शेरा मीच लिहिला होता: सहा महिने आउटगोइंग शून्य, डेटा शून्य, वापरणारा नोकरी सोडून गेला, बंद करावा.

दवाखाने, डाळ मिल, बियाण्यांचे डीलर, कोचिंग क्लासेस अशा ठिकाणची फोनची बिलं मी तपासते. एका टेलिफोन कंपनीच्या बिलिंग विभागात बारा वर्षं काढली आहेत, त्यामुळे बिलात पैसा कुठे गळतो ते कळतं. सोडून गेलेल्या माणसाच्या नावाचं सिम, कुणीच न मागितलेली कॉलर ट्यून, खणात पडलेलं डेटाकार्ड, कधीच दुसरीकडे हललेल्या शाखेच्या लँडलाइनचं भाडं. सहा महिन्यांची बिलं मागवायची, प्रत्येक नंबराची एक ओळ करायची, संशयाच्या ओळी ऑफिसला पाठवायच्या. आठ दिवसांत 'हा नंबर आमच्या वापरात आहे' असं कुणी कळवलं नाही, तर नंबर बंद. हा आठ दिवसांचा नियम माझा. त्याच्याशिवाय लोक उत्तरच देत नाहीत.

तेविसाव्या ओळीची ती यादी नांदेडच्या एका कोचिंग क्लासेसची. लातुरात शाखा आणि मुलींचं वसतिगृह. एकूण एक्केचाळीस नंबर. त्यातले बारा मी बंद करायला काढले. आठ दिवस गेले, उत्तर आलं नाही. संचालक सरांनी अर्जावर सही केली, सोमवारी बारा नंबर बंद झाले. मी फाइलला दोरी बांधली.

बुधवारी सकाळी लातूर शाखेच्या मॅनेजरचा फोन आला.

"मॅडम, ते तुम्ही नंबर बंद केलेत ना, त्यात हॉस्टेलचा होता का एखादा? पालकांचे फोन यायलेत ऑफिसात. हॉस्टेलचा लागंना म्हणायलेत."

"हॉस्टेलच्या नावाने एकही नंबर नव्हता यादीत."

"तोच की. वॉचमनचा."

वॉचमन दोन वर्षांपूर्वी सोडून गेला होता. त्याचा साधा, बटणांचा फोन सिमसकट वसतिगृहाच्या रेक्टरबाईंकडे आला होता. बिलात मात्र नाव वॉचमनचंच राहिलं. मॅनेजरने माझी यादी बघितली होती. वॉचमन गेला हे त्याला माहीत होतं, म्हणून तो गप्प बसला.

मी लातुरातच राहते, रिक्षा करून वसतिगृहावर गेले. रेक्टरबाईंना मुली आपा म्हणतात. पन्नाशीच्या, लातूरच्याच, गळ्यात किल्ल्यांचा जुडगा. त्या जिन्याखालच्या टेबलाशी बसल्या होत्या आणि तो फोन समोर ठेवला होता.

"या बाई. तुम्हीच का बंद करणाऱ्या?"

"आपा, ह्या नंबरावरून सहा महिन्यांत एकही फोन गेलेला नाही."

"जाईल कसा? पोरींनी इकडंतिकडं लावू नये म्हणून मीच जाणारे बंद करून घेतले. येतात तेवढे घ्यायचे. संध्याकाळी सहा ते आठ."

मुलींना मोबाइल ठेवायची परवानगी नाही. एकशे दहा मुली, आणि घरून फोन यायला हा एकच नंबर. आपांनी खणातून तीन वह्या काढल्या, वर्तमानपत्राची कव्हरं घातलेल्या. तारीख, मुलीचं नाव, कुणाचा फोन, किती मिनिटं. एकेका संध्याकाळच्या तीस-पस्तीस ओळी. माझ्या सहा महिन्यांच्या शून्यासमोर ह्या वह्यांत हजारो फोन होते. बाहेरून येणारा कॉल बिलात दिसत नाही, हे मला बारा वर्षं पाठ होतं. नव्या पोरांना मीच शिकवायचे ते.

"मला पण लिहायची सवय हाय तुमच्यावानी," आपा म्हणाल्या. "पर ह्या वह्या बघायला कुणी आलं न्हाई."

मॅनेजर मागोमाग आला. तो निवांत होता. "नवीन सिम घेऊ, नंबर पालकांच्या ग्रुपवर टाकून देऊ. हाय काय त्यात."

"टाका की," आपा म्हणाल्या. "ग्रुपवर शिकलेले आईबाप हायेत. ते तुमच्या ऑफिसात फोन लावून मोकळे झाले. ज्यांचे फोन आले न्हाईत त्यांचं सांगा."

आम्ही दोघींनी बसून त्यांची यादी केली. ज्यांच्या घरी बटणांचाच फोन आहे आणि मेसेज वाचणारं कुणी नाही, अशा एकोणीस मुली निघाल्या. मी माझ्या फोनवरून एकोणीस घरी फोन लावले. अकरा जणांनी उचलला. नवा नंबर लिहून घ्या म्हटलं की पलीकडे पेन नसायचं, नाहीतर लिहिणारं नसायचं. दिवाळीच्या सुट्टीत मुलीनेच नंबर भरून दिलेला, दोनचं बटण दाबून धरायचं एवढंच आईला ठाऊक. तीन जणांना माझं बोलणं कळलं असावं. बाकीचे म्हणाले, जुनाच चालू करा.

पण मला खरी धास्ती वेगळ्याच गोष्टीची होती. बंद झालेला नंबर कंपनी काही दिवस रिकामा ठेवते आणि मग दुसऱ्याला देऊन टाकते. तो कुणा परक्या माणसाकडे गेला, तर रोज संध्याकाळी घराघरातून त्याला फोन जाणार. मी अमकीची आई, तिला फोनवर बोलवा. मुलीचं नाव, खोली, कधी सुट्टी, कुणासोबत गावी येणार. सगळं त्याला आपणहून सांगितलं जाणार. आणि पलीकडून कुणी गोड आवाजात 'हाव, सांगतो' म्हणालं तर त्या आईला काय कळणार?

मी कागदावर कामं लिहिली. एक, नंबर परत मागायचा अर्ज. दोन, सरांची सही आणि ओळखपत्र, कारण कनेक्शन त्यांच्या नावावर. तीन, अर्ज नांदेडच्याच काउंटरवर द्यायचा, कारण खातं तिथलं. सरांना फोन लावला तर ते पालक मेळाव्यात. या म्हणाले.

नांदेडची बस मिळाली. एरवी बसमध्ये मी पुढच्या कामाच्या याद्या करते. त्या दिवशी तेच तेच तीन मुद्दे परत परत लिहीत होते. अहमदपूरला गाडी दहा मिनिटं थांबली. खाली उतरून मी तो नंबर लावला. 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.' नोकरीत असताना हे वाक्य मी रोज ऐकायचे, काम झाल्याची खूण म्हणून. आता मी ते स्टँडवर उभं राहून शेवटपर्यंत ऐकलं, आणि परत लावलं.

नांदेडला सर स्टेजवरून खाली आले, अर्जावर सही केली. "महिन्याला दोनशे रुपये वाचवलेत तुम्ही, मॅडम," ते म्हणाले. "सकाळपासून मी त्याचीच उत्तरं द्यायलोय." मी अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला. ओळखपत्राची झेरॉक्स घेतली आणि निघाले.

काउंटरवरच्या माणसाने अर्ज उलटसुलट केला. "बंद करायचा अर्ज तुम्हीच आणला होता ना?"

"हो."

"मग आता चालू कशाला?"

"चूक झाली."

"नंबर रिकामा असेल तर येईल."

"किती दिवस रिकामा ठेवतात?"

"ते सिस्टीमवर असतं."

शेजारच्या काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, तीन महिने. मागे बसलेला एकजण म्हणाला, कशाचे तीन महिने, चांगला नंबर असला तर आठ दिवसांत जातो. आमचा नंबर चांगला होता का? शेवटी दोन सारखे आकडे होते. मी परतीच्या बसमध्ये बसून त्या दोन आकड्यांचा विचार करत होते.

गुरुवारी काही झालं नाही. शुक्रवारी सकाळी लातूरच्या दुकानातून कोरं सिम मिळालं. नंबर परत आला तर तो ह्याच सिमवर येणार होता. ते फोनमध्ये घालून मी वसतिगृहावर जिन्याखाली जाऊन बसले. तासातासाला फोन बंद करायचा, चालू करायचा, रेंजची काडी येते का बघायचं.

अकराच्या सुमारास फाटकाशी एक माणूस आला. डोक्याला गमछा, हातात पिशवी. इस्लापूरहून आला होता. रेल्वेने नांदेड, तिथून एसटी. आमच्या एकोणीसच्या यादीतलं ते घर होतं, फोन न उचललेल्या आठांपैकी.

"तिची माय लावते, लावते," तो आपांना सांगू लागला, "तर बाई बोलते, हा नंबरच न्हाई मनून. दोन दिवस ऐकलं तिनं. मंग मनली, जाऊन बघून या, पोरगी हाय का न्हाई."

भेटीचा दिवस रविवार. पण आपांनी मुलीला खाली बोलावलं. ती पेनाचं टोपण तोंडात धरून आली आणि बापाला बघून थबकली.

"बाबा, तुम्ही आलाव कशाला? उद्या पेपर हाय माझा."

"तसंच."

"तसंच कुणी येतं का एवढ्या लांब? रोजगार बुडवून?"

"हाव. जातो ना." तो तिला डोक्यापासून पायापर्यंत बघत होता. ती वर गेली तरी तो तिथेच उभा राहिला. मग मला म्हणाला, "तुमी ऑफिसातल्या का?"

"मी फोनची बिलं बघते."

"बिल भरलं नव्हतं का?"

"भरलं होतं."

"मंग?"

"माझ्याकडून बंद झाला."

त्याने गमछा सोडून तोंड पुसलं. "होते," म्हणाला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. आपांनी त्याला चहा दिला. चालू झाल्याशिवाय जाणार नाही, असं तो म्हणाला. बायकोने तसं बजावलं होतं. घरातला एकच फोन तिच्याजवळ होता. माझ्या फोनवरून लावून बघितलं, नुसतीच रिंग गेली. ती शेतात असेल, म्हणाला.

सव्वाचारला रेंजची काडी आली. मी माझ्या फोनवरून नंबर लावला. टेबलावरचा फोन थरथरला, वाजला. आपांनी तो लगेच उचलला नाही, तिघांनी मिळून दोन-तीन रिंगा ऐकल्या.

पण अजून सहा वाजायचे होते. दोन दिवस तेच वाक्य ऐकलेली बाई आज परत बटण दाबेल का, हे कुणाला सांगता येत नव्हतं. तो पायरीवर बसून राहिला. मी मध्येमध्ये घड्याळ बघत होते. सहानंतर दोन फोन आले, उदगीरचा एक आणि नायगावचा एक. आपांनी वहीत ओळी लिहिल्या. सहा वीसला तिसरा आला.

"हाव, चालू झाला," आपा म्हणाल्या. "देते." आणि जिन्याकडे तोंड करून मुलीच्या नावाने हाक मारली.

मुलगी फोनवर बोलली. जेवले. न्हाई, सर्दी न्हाई. बाबा इथंच हायेत, निघतीलच. उद्या पेपर हाय. बाप हातभर अंतरावर उभा होता. त्याने फोन मागितला नाही. आपांनी लिहिलं: आईचा, दोन मिनिटं.

जाताना पिशवी उचलत तो मला म्हणाला, "आता बंद न्हाई ना होनार?"

"न्हाई होणार," मी म्हणाले. तशी खात्री देणारा कागद माझ्याकडे नव्हता. काउंटरवर मागितला होता, तसा कागद नसतो म्हणाले.

त्यानंतर मी यादीत एक रकाना वाढवला: हा फोन उचलतं कोण. तो भरायला जागेवर जावं लागतं, कामाला दुप्पट वेळ लागतो. आठ दिवसांचा नियम काढून टाकला. आणि दर सोमवारी अकरा वाजता मी तो नंबर लावते. आपा आवाज ओळखतात. "चालू हाय बाई, ठेवा," म्हणतात, आणि मी ठेवते. सुट्टीत वसतिगृह रिकामं असतं, आपा भावाकडे जातात, फोन टेबलाच्या खणात असतो. तेव्हा कुणी उचलत नाही. रिंग संपेपर्यंत मी कान लावून बसते.