मदत करणारा बेशुद्ध माणूस

मी पेशंटना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मरत होते, आणि शेजारीपाजारी जागे होतील अशा पद्धतीने मरत होते. रेसिंग ट्रॅकवर हौशी मार्शल, म्हणजे बिनपगारी मदतनीस म्हणून तो माझा पहिलाच दिवस. गॅरेजच्या मागच्या मोकळ्या जागेत शर्यतीची एक चेपलेली गाडी उभी होती आणि तिच्यातून जो आवाज येत होता, तसा मी आयुष्यात एकदाच ऐकला होता. आमच्या विमा ऑफिसची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली आणि आत साहेब होते, तेव्हा. कावळे उडाले. कुंपणापलीकडचं कुत्रं माझ्याकडे बघून रडायला लागलं. कॅन्टीनच्या खिडकीतल्या बाईंच्या हातून कप सुटला, आणि मी शपथेवर सांगतो, तो जमिनीवर पोचण्याआधीच फुटला. मी भिंतीवरचा आग विझवायचा सिलिंडर ओढून काढला, धावलो आणि अख्खा सिलिंडर त्या गाडीत रिकामा केला.

पांढरा धुरळा खाली बसला. आत मैद्याच्या पोत्यातून काढल्यासारखे एक गोल गृहस्थ बसले होते. त्यांनी हेल्मेटची काच वर केली. आत दोन डोळे होते आणि बाकी सगळा वैताग.

“आग कुठाय?”

“तुम्ही ओरडत होतात...”

“ओरडणारा माणूस जळतच असतो का? माझा पाय मोडलाय! डावा! मांडीत! मोडलेल्या मांडीवर पावडर मारतात?”

“चुकलं माझं. फार दुखतंय का हो?”

“अहो, मोडलाय म्हणजे आज मोडलाय असं ठरलंय! मागच्या वेळी बरगड्या होत्या!”

तेवढ्यात तीन माणसं लांब फळी घेऊन धावत आली, मला बाजूला ढकललं आणि या गृहस्थांना बाहेर काढायला लागली. बाहेर निघेपर्यंत ते पुन्हा मरत होते.

शर्यतीत गाडी आपटली आणि ड्रायव्हरला स्वतःहून उतरता येईना, तर त्याला बाहेर काढणं हे एका खास पथकाचं काम असतं. एकजण मागून त्याचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरतो, म्हणजे मान हलणार नाही. मग मानेला पट्टा, पाठीमागे फळी आणि सगळ्यांनी मिळून एकाच वेळी बाहेर. हे सरावाशिवाय जमत नाही, आणि सरावासाठी गाडीत कोणीतरी बसावं लागतं. आमच्याकडे हे गृहस्थ बसत. वर्षानुवर्षं. ट्रॅकवर त्यांना सगळे पेशंटच म्हणत. एरवी ते गावात सोफे शिवून द्यायचे. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन सोफ्यावर बसायचे, जरा हलायचे आणि त्या घरातलं कोण जास्त बसून असतं ते सांगून भांडण लावून यायचे.

पथकाचा प्रमुख सलूनवाला होता. डोकं धरणारा तो, म्हणून त्याला मानकरी म्हणत. दोघं जुळे फळीवाले होते, ते फारसं बोलत नसत. सिलिंडरचा पराक्रम पाहून मला पायांकडे ठेवण्यात आलं. पाय माणसाच्या तोंडापासून सगळ्यात लांब असतात.

ते अंतर पुरायचं नाही. प्रत्येक सरावानंतर पेशंट फळीवर पडल्या पडल्या सगळ्यांची झाडाझडती घ्यायचे.

“मानकरी, तुम्ही माझं डोकं धरलंत की कलिंगड निवडत होतात?”

“घाम आला होता हो हाताला.”

“खऱ्या ड्रायव्हरला काय सांगाल? थांबा, हात पुसून येतो? आणि तुम्ही, पायवाले! मोडलेला पाय असा उपटतात? मुळा आहे का तो?”

“आज पाय नव्हता मोडलेला. आज खांदा होता.”

“मग खांदा उपटायचा होता!”

माणूस एवढा वैतागायचा, तर येत कशाला होता? त्याला कारण होता जावई.

पेशंटांची एकुलती एक लेक एका ड्रायव्हरच्या प्रेमात पडली होती. मुलगा हसरा, सुस्वभावी आणि वेगाच्या बाबतीत पार वाया गेलेला. त्याच्याविषयी सासऱ्यांच्या मनात जे काही होतं ते त्यांनी अतोनात आदराखाली गाडून टाकलं होतं. शर्यतीआधी ते खिडकीपाशी जाऊन म्हणायचे, “जावईबापू, बेतानं या हं.” ताशी दोनशेने निघालेल्या माणसाला! जावई म्हणायचा, “हो बाबा,” आणि पहिल्याच वळणावर गवतातून जायचा.

“आज ना उद्या हे जावईबापू भिंतीत जाणार,” पेशंट मला एकदा म्हणाले. “त्यांना बाहेर काढणार तुम्ही. तुम्हाला पाहिलंय मी. माझ्या लेकीचा संसार एका सलूनवाल्याच्या घामट हातांत आहे. मी घरी बसून काय करू, सांगा?”

म्हणून ते येत. हे पथक एक दिवस जावयाला काढणार, तर पथकाने आधी सासऱ्यावर हात बसवावा, एवढाच हिशेब. आणि खरं सांगायचं तर आमचा हात बसलाही होता. पेशंट चांगले भरभक्कम, तरी मानकऱ्याने “तीन” म्हटलं की ते गाडीतून टेबलाच्या खणासारखे सुळकन बाहेर यायचे. आम्ही एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचो. जुळेसुद्धा हसायचे.

मग ट्रॅकवर नव्या डॉक्टरीणबाई आल्या.

त्या दिवशी पेशंट कुठल्याशा हॉटेलचे सोफे घेऊन बसले होते, तेव्हा बाई स्वतःच हेल्मेट घालून गाडीत बसल्या. अंगाने अगदी किरकोळ. “मी बेशुद्ध आहे,” त्या म्हणाल्या आणि खरोखरच सगळं अंग सोडून दिलं.

आम्हाला त्या निघेनात. पाय पेडलखाली अडकला. तो सोडवला तर कंबर सीटच्या कडेला रुतली. जुळ्यांनी फळी सरकवली ती अर्ध्यावर अडली, एका जुळ्याने जोर लावला, दुसऱ्याने उलटा लावला, आणि मानकऱ्याच्या हातातून बाईंचं डोकं घरंगळून थेट दरवाज्याच्या चौकटीवर टक्कन आपटलं.

बाईंनी डोळे उघडले. “माझी मान मोडली,” त्या शांतपणे म्हणाल्या. “पुढच्या वेळी काका बसतील. मला बघायचंय.”

पुढच्या वेळी काका बसले. बाई गाडीत डोकं घालून बघत राहिल्या. मानकऱ्याने “तीन” म्हटलं, पेशंट सुळकन बाहेर आले, आम्ही थापा मारायला हात उचलले.

“काका,” बाई म्हणाल्या, “तुम्ही कंबर उचललीत.”

“मी?”

“उचललीत. ‘दोन’ला गुडघा आत घेतलात. फळी आली तेव्हा पाठ पुढे केलीत. आणि मानकऱ्यांचा हात सुटला तेव्हा मान तुम्हीच सांभाळलीत.”

“शक्य नाही! मी मेलेला असतो!”

“तुम्ही बेशुद्ध असता. आणि मदत करता. यांनी आजवर कोणालाही बाहेर काढलेलं नाही, काका. तुम्ही बाहेर येता, हे नुसते सोबत असतात.”

पेशंट फळीवर पडून आकाशाकडे बघत होते. मग ते उठले, हेल्मेट काखेत मारलं आणि आमच्यापैकी एकेकाकडे असं बघितलं, जणू आम्हीच त्यांना इतकी वर्षं फसवत होतो.

“म्हणजे उद्या जावईबापू भिंतीत गेले,” ते म्हणाले, “तर यांना फक्त मला काढता येतं.”

त्यानंतरचे दिवस मी विसरायचा प्रयत्न करतो. पेशंट ढिले पडायला शिकू लागले आणि त्यांना ते जमेना. वैताग हा त्यांच्या अंगातला मुख्य स्नायू होता, आणि तो सैल कसा सोडायचा हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. आम्ही काही चुकलो की बेशुद्धीतही त्यांचा खांदा आमची चूक सुधारायला निघायचा.

“काका, पुन्हा उचलली कंबर!”

“फळी खुपसतायत हो हे! बघवत नाही!”

“तुम्हाला दिसायला नकोय!”

मी त्यांच्या घरी गेलो तर ते दिवाणखान्यातल्या सोफ्यावर डोळे मिटून पडलेले आणि वहिनी त्यांचा हात वर उचलून सोडून देत होत्या. हात तिथेच हवेत राहत होता.

“बघा,” वहिनी म्हणाल्या. “पडतच नाही. एवढ्या संसारात या माणसानं घरातली इकडची काडी तिकडे केली नाही भाऊजी, आणि तिकडे म्हणे न सांगता मदत करतात! बेशुद्ध असताना! म्हटलं, मग इथेही बेशुद्धच राहा ना, निदान भांडी तरी घासून होतील.”

“तू बोलू नकोस गं. मला शुद्ध येते,” सोफा म्हणाला.

उपाय शेवटी अपघातानेच सापडला. गाडीत बसवलेल्या पेशंटांपाशी मी वेळ काढत उभा होतो, बाईंना फोन आला होता, म्हणून मी पेशंटांना आमच्या कंपनीच्या घरविम्यात पाण्याची गळती कुठल्या परिस्थितीत धरली जाते आणि कुठल्या परिस्थितीत धरली जात नाही, हे समजावून सांगत होतो. टाकी आणि नळ यांतला फरक सांगून छपरावर आलो, तेव्हा हेल्मेटमधून घोरण्याचा आवाज आला. हात मांडीवरून गळून पडला होता. मान कलली होती.

“कोणी बोलू नका!” बाई कुजबुजल्या. “काढा!”

काढा कसले. सगळा ट्रॅक घामाघूम झाला. एवढं मोठं वजन, आणि त्याला आमच्याविषयी काडीची आस्था नाही! पण बाई हटल्या नाहीत. त्यानंतर प्रत्येक सरावाआधी मला गाडीच्या खिडकीत उभं करून गळतीवर बोलायला लावण्यात आलं. माझ्या नोकरीचा कोणाला इतका थेट उपयोग झाल्याचं दुसरं उदाहरण नाही. पेशंट पडायचे, आम्ही ओढायचो, फळी अडायची, आम्ही पुन्हा लावायचो. हळूहळू मानकऱ्याला कळलं की सगळ्यांचे हात पोचल्याशिवाय “एक”सुद्धा म्हणायचं नाही. मला कळलं की पाय आधी मोकळे करायचे असतात, त्यांनी मोकळं व्हायची वाट बघायची नसते. एका दुपारी आम्ही पेशंटांना बाहेर काढून फळीवर नीट ठेवलं आणि ते घोरतच राहिले. जुळ्यांपैकी एकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

हंगामाच्या पहिल्याच शर्यतीत जावईबापू भिंतीत गेले.

आमच्या चौकीसमोरच. गाडीचं शेपूट सुटलं, ती आडवी झाली आणि टायरांच्या रचलेल्या भिंतीत नाक खुपसून थांबली. पेशंट आमच्या मागे कठड्यापलीकडे होते. सरावातल्या पेशंटला कठडा ओलांडायची परवानगी नसते. लाल झेंडा फडकला, बाकीच्या गाड्या थांबल्या, मग आम्ही धावलो.

जावई पूर्ण शुद्धीवर होता. बाईंनी खिडकीतून विचारलं, “काय होतंय?”

“काही नाही, काही नाही! उतरतोच मी. जरा दोन्ही हातांना मुंग्या आल्यात.”

बाईंचा चेहरा बदलला. “हलू नका. अजिबात. मानेला मार असू शकतो. डोकं धरा!”

मानकऱ्याने डोकं धरलं. पण हा सुस्वभावी मुलगा! लोक आपल्यासाठी राबतायत आणि आपण नुसतं बसायचं, हे त्याला सहनच होईना. मी पायाला हात लावला की तो पाय स्वतःच उचलून द्यायचा. सीटचा पट्टा सोडायला स्वतःच हात घालायचा. फळी दिसताच पुढे वाकायला लागला.

“हलू नका हो!” मानकरी कळवळला.

“नाही, नाही, तुम्हाला सोपं जावं म्हणून...”

“सोपं नकोय आम्हाला!”

“असं कसं, मी थोडं वर होतो ना...”

आणि मागून कठड्यावरून असा आवाज आला की पहिल्या दिवशीच्या ओरडण्याला कावळे त्यापुढे साधा खोकला म्हणाले असते.

“अरे गाढवा! बेशुद्ध हो! हलशील तर याद राख! पड मुकाट्यानं!”

लग्नाच्या दिवसापासून या माणसाने जावयाला अहो-जाहो सोडून एक शब्द वापरला नव्हता. जावयाचं तोंड उघडं राहिलं. मग, बहुधा धक्क्यानेच, त्याच्या अंगातला सगळा जीव गेल्यासारखा तो सीटमध्ये सैल पडला. हात गळाले. गुडघे बाजूला पडले. तो आमच्या ओळखीचा झाला.

मानकऱ्याने आमचे हात पोचायची वाट बघितली. “एक,” तो म्हणाला. मी पाय पेडलखालून मोकळे केले. फळी अडली, जुळ्यांनी ती मागे घेऊन पुन्हा लावली. कोणी घाई केली नाही. कठड्यावरून कोणी ओरडत नव्हतं. “तीन”ला जावई वर आला, मान तसूभरही न हलता, आणि फळीवर ठेवला गेला.

रुग्णवाहिकेपाशी पेशंट आले तेव्हा त्यांचा चेहरा पांढराफटक होता. त्यांनी जावयाकडे पाहिलं नाही. मानकऱ्याच्या हातांकडे पाहिलं.

“घाम आहे,” ते म्हणाले.

“आहे,” मानकरी म्हणाला.

“असू दे.”

दवाखान्यात सगळे फोटो काढले. मानेला काहीही झालेलं नव्हतं. सीटचा पट्टा खांद्यावर करकचून बसल्यामुळे मुंग्या आल्या होत्या, त्या संध्याकाळपर्यंत गेल्या. लेकीने त्याच महिन्यात गाडी विकायला लावली. जावई आता सासऱ्यांच्या दुकानात सोफ्यांची ने-आण करतो, व्हॅन चालवतो. पेशंट त्यानंतर ट्रॅकवर आले नाहीत. सरावाला आता रबराचा बाहुला असतो.